लीड्समध्ये सरपण विकत घेताना

सप्टेंबर संपत आला की आमच्या घरात सरपणाचा विषय निघतो. हो, सरपणच, आणि तेही इंग्लंडात. पहिल्या वर्षी कराडला आईला फोनवर सांगितलं की आम्ही लाकडं विकत घेतोय, तर ती म्हणाली, "अगं आम्ही धुरातनं सुटायला गॅस घेतला आणि तू तिकडं जाऊन चूल पेटवतीयेस होय!" मग मी तिला स्टोव्ह दाखवते म्हटलं तर तिच्या डोळ्यापुढे पिन मारायचा रॉकेलचा स्टोव्ह, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर काचेचं दार असलेली ती काळी लोखंडी पेटी बघून ती जरा गप्पच झाली.

आमचं घर व्हिक्टोरियन काळातलं, ओळीतलं, भिंतीला भिंत लागून. एकेकाळी खोलीखोलीत फायरप्लेस होती, आता दोनच उरल्यात. पुढच्या खोलीत उघडी, म्हणजे खाली लोखंडी जाळी आणि वर सरळ धुराडं, आणि मागच्या खोलीत आधीच्या मालकाने बसवलेला मल्टिफ्युएल स्टोव्ह, ज्यात लाकूडही चालतं आणि कोळसाही. सेंट्रल हीटिंग आहेच, पण 2022 मध्ये गॅसची बिलं अशी काही वाढली की नवरा म्हणाला आपण संध्याकाळी एकच खोली गरम करू, बाकी घर राहू दे थंड. ऐकायला छान वाटलं.

तर पहिली लाकडं. एका जाहिरातीवरून एकाला फोन केला, "सीझन्ड हार्डवुड, एक लोड" (म्हणजे वाळवलेलं कठीण लाकूड, एक खेप) एवढंच लिहिलेलं, दर बाकीच्यांच्या निम्मा. माणूस आला, मागच्या गल्लीत ढीग ओतला, कॅश घेतली आणि गेला. आम्ही दोघं पावसात तीन तास ती लाकडं आत वाहत होतो. रात्री हौसेने पेटवायला बसलो तर पेटेचना, कागद संपला, काटक्या संपल्या, शेवटी धरलं एकदाचं तर नुसती चुरचुर, ओंडक्याच्या टोकाला बारीक फेस येतोय, तासाभरात काच काळीकुट्ट आणि खोली होती तशीच गार. आईला दाखवलं तर तिला बघायचीही गरज लागली नाही, चुरचुर ऐकूनच म्हणाली, "ओलंय ते. घेताना वाजवून बघितलं न्हाईस?"

वाजवून म्हणजे दोन लाकडं एकमेकांवर आपटायची. वाळलेलं असेल तर खणखणीत वाजतं, ओलं असेल तर बद्द आवाज येतो. शिवाय टोकाला चिरा पडल्यात का बघायचं, साल सुटायला लागलीय का बघायचं, आणि हातात घेतल्यावर दिसतं त्यापेक्षा जड लागलं तर सोडून द्यायचं. आमच्याकडे बंबासाठी वखारीतनं लाकूड यायचं, ते वजनावर, आणि आई सांगते की वखारवाले वजन वाढावं म्हणून ढिगावर गुपचूप पाणी मारायचे, त्यामुळे आजी सकाळी कधीच घ्यायची नाही, दुपारी ऊन लागल्यावर जायची. आणि मी डिग्र्या घेऊन पावसात भिजलेला ढीग कॅश देऊन घेतला.

मग मॉइश्चर मीटर आणलं. छोटंसं यंत्र, दोन पिना, लाकडात खुपसायच्या की ओल किती टक्के तो आकडा येतो. आम्ही वरून खुपसलं तर 19, आनंद झाला. मग कुठेतरी वाचलं की वरून मोजून काही कळत नाही, लाकूड कुऱ्हाडीने फोडायचं आणि आतल्या ताज्या बाजूवर मोजायचं. फोडलं. 34.

ताज्या तोडलेल्या लाकडात कधीकधी निम्मं वजन पाण्याचंच असतं. पेटवल्यावर आधी ते पाणी उकळून वाफ होऊन जावं लागतं, तुमची उष्णता त्यातच खर्ची पडते, आग थंड राहते, मग लाकडातला डांबरासारखा भाग पुरता जळत नाही आणि धुराड्याच्या आतून चिकटून बसतो. तो साठला की एखाद्या दिवशी धुराडंच पेट घेऊ शकतं. म्हणून वर्षातनं एकदा तरी माणूस बोलवून धुराडं झाडून घ्यायचं, त्याचं सर्टिफिकेट जपून ठेवायचं, ते विम्यालाही लागू शकतं.

इंग्लंडात यावर आता कायदाच आहे. 1 मे 2021 पासून दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड जळणासाठी विकायचं असेल तर त्यात 20 टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही आणि त्यावर 'रेडी टू बर्न'चा शिक्का पाहिजे. दोन घनमीटर किंवा त्याहून जास्त घेतलं तर ओलंही विकता येतं, फक्त विकणाऱ्याने कसं वाळवायचं ते लिहून द्यावं लागतं. ते स्वस्त पडतं, पण फोडून, रचून, वर छप्पर आणि बाजू उघड्या अशा शेडमध्ये दीड-दोन वर्षं ठेवायला जागा पाहिजे. आमच्या अंगणात दोन सायकली आणि कचऱ्याचे डबे ठेवले की संपलं. म्हणून आम्ही भट्टीत वाळवलेलं घेतो, किल्न ड्राइड म्हणतात ते.

आता मापाची गंमत. इथे लाकूड बहुतेक वेळा वजनावर मिळत नाही, मापावर मिळतं. लोड म्हणजे किती हे देव जाणे, मोठ्या पिशव्यांचंही एक माप नाही, आणि घनमीटर म्हटला तरी विचारायचं की नुसता ओतलेला का रचलेला. ओतलेला एक घनमीटर नीट रचला की साधारण 0.6 ते 0.7 भरतो, बाकी मधली हवा. म्हणजे आजी वजनावर घ्यायची तर पाण्याचे पैसे जायचे, मी मापावर घेते तर हवेचे जातात. पेट्रोल पंपावर जाळीच्या पिशवीत मिळतं ते सगळ्यात महाग, दोन संध्याकाळीत खलास, ते फक्त अडीनडीला.

झाडाचं म्हणाल तर ओक, बर्च, बीच सगळी चालतात. ॲश मला सगळ्यात आवडतं, मुळातच त्यात पाणी कमी असतं, सरळ फुटतं. इथे 2012 मध्ये ॲशच्या झाडांवर बुरशीचा रोग सापडला, त्यामुळे मेलेली झाडं तोडावी लागतात आणि ते लाकूड बाजारात बरंच दिसतं, वाईट वाटतं पण घेते. पाइनला लोक उगाच नाक मुरडतात, वाळलेलं असेल तर मस्त पेटतं, फक्त भराभर संपतं. पेटवताना मी तेच वापरते.

हे सगळं स्टोव्हचं झालं. पुढच्या खोलीतल्या उघड्या फायरप्लेसमध्ये आम्ही एक ख्रिसमस लाकडं जाळली आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा कुंपणावरून अगदी गोड आवाजात म्हणाले की हा स्मोक कंट्रोल एरिया आहे बरं का. म्हणजे काय, तर परवानगी मिळालेल्या स्टोव्हमध्ये लाकूड चालतं, उघड्या फायरप्लेसमध्ये नाही. तिथे फक्त बिनधुराचं मान्यताप्राप्त जळण. धूर दिसला तर कौन्सिल दंड करू शकते. आजोबा लहानपणी लंडनला होते, डिसेंबर 1952 मध्ये पाच दिवस तिथे जे धुकं साचलं त्यात स्वतःचा हात दिसत नव्हता म्हणाले. त्या धुराने हजारो माणसं गेली आणि 1956 मध्ये क्लीन एअर ॲक्ट आला, स्मोक कंट्रोल एरिया त्यातूनच निघाले. मी दुसऱ्या दिवशी त्यांना चकल्या नेऊन दिल्या.

म्हणून मग कोळशाच्या दुकानात. जुना घरगुती कोळसा, ज्याच्या पिवळ्या ज्वाळा आणि ढगभर धूर, तो इंग्लंडात घरी जाळण्यासाठी विकणं बंद झालंय, पिशवीतला 2021 मध्ये आणि सुटा 2023 मध्ये. उरलं काय, तर ॲन्थ्रासाइट नावाचा बिनधुराचा कोळसा आणि कोळशाच्या चुऱ्याचे दाबून केलेले गोळे. ॲन्थ्रासाइट एकदम कडक, चकचकीत, हात फारसे काळे होत नाहीत, पण पेटायला इतका हट्टी की उघड्या जाळीवर आमच्याच्याने जमलंच नाही. गोळे बरे. अंड्याएवढे, काटक्यांवर एक थर रचायचा, अर्ध्या-पाऊण तासात कडा राखाडी होतात, मग लालभडक निखारे, अगदी आपल्या शेगडीसारखे, आणि तीन-चार तास बघावं लागत नाही. पहिल्यांदा ते लाल झाले तेव्हा मला कणीस भाजायची इतकी इच्छा झाली, पण यांच्यावर खायचं काही भाजू नये, चुरा चिकटून राहावा म्हणून आत कशाकशाचं बाइंडर असतं.

एक चूक तुम्ही करू नका. स्टोव्हमध्ये आम्ही लाकूड आणि गोळे एकत्र घालायचो, वाटलं दोन्हीचे फायदे. कोळशाला हवा खालून जाळीतनं लागते, लाकडाला वरून, आणि ते राखेच्या गादीवरच चांगलं जळतं, त्यामुळे दोघांपैकी एकाची तरी उपासमार होतेच. शिवाय कोळशातलं गंधक आणि लाकडातली ओल मिळून ॲसिड तयार होतं, ते पाइप खातं. हे धुराडं झाडणाऱ्याने टॉर्च मारून दाखवलं तेव्हा पटलं. आणि पेटकोक (खनिज तेल शुद्ध करताना उरणारा कोळशासारखा पदार्थ) मिसळलेलं स्वस्त जळण कुणी देऊ केलं तर घेऊ नका, इतकं तापतं की आतली जाळी वाकते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र दोन्ही खोल्यांत हवाच, त्यात कंजुषी नको.

लाकडाची राख मी गुलाबांना घालते, कोळशाची कचऱ्यात, तीही थंड झाल्यावर. आई म्हणते थोडी डब्यात भरून ठेव, भांडी लख्ख निघतात. डिशवॉशर आहे गं म्हटलं तर म्हणाली, "असू दे."

या वर्षीचा एक घनमीटर शनिवारी येतोय. गेल्या वेळी गाडीवाला पिशवी उतरवत होता आणि नवरा दोन ढलपे कानाशी धरून एकमेकांवर आपटत होता, फोन स्पीकरवर, पलीकडून कराड म्हणतंय "अजून एकदा, जरा जोरात". गाडीवाला थांबून बघत राहिला, मग त्यानेही दोन उचलून वाजवली. शुक्रवारपर्यंत सायकली तेवढ्या हलवायच्यात.