हायड्रोजन बंद, तरीही कार्बन मोनॉक्साइड

सिरियम ऑक्साइडच्या, म्हणजे सेरियाच्या, दोन पावडरींवरून आमच्या प्रयोगशाळेत बरेच दिवस वाद चालू होता. एकीचे कण घनाकृती, दुसरीचे काडीसारखे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घन फार देखणे दिसतात, कडा सरळ आणि पृष्ठभाग गुळगुळीत. काड्या खडबडीत, जागोजागी खड्डे पडलेल्या. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहण्याचं तंत्र) दोन्हींची शिखरं त्याच जागी येतात, म्हणजे स्फटिकरचना एकच. पण हायड्रोजन वापरून कार्बन डायऑक्साइडचं क्षपण (ऑक्सिजन काढून कार्बन मोनॉक्साइड करणं) करायला घेतलं, की काड्या कितीतरी पुढे निघून जायच्या.

माझं म्हणणं होतं, हे काम ऑक्सिजन व्हेकन्सीचं, म्हणजे ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचं आहे. पृष्ठभागावरचा ऑक्सिजनचा अणू निघून गेला की दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात आणि जवळच्या दोन सिरियम आयनांवर जातात. +4 चे ते +3 होतात. जागा रिकामी आणि शेजारी द्यायला इलेक्ट्रॉन तयार, यापेक्षा क्षपणाला आणखी काय हवं? आमचे एक ज्येष्ठ सहकारी मात्र म्हणत, "काड्या बारीक आहेत, त्यांचं क्षेत्रफळ जास्त, बस." आक्षेप रास्त होता, आणि नुसत्या वर्णपटांनी तो मिटणारा नव्हता. रामन वर्णपटात (विखुरलेल्या प्रकाशातून स्फटिकाची कंपनं दाखवणाऱ्या) 464 प्रति सेंटीमीटरच्या मुख्य शिखराशिवाय काड्यांना 600 च्या आसपास एक बुटका उंचवटा होता, तो दोषांचाच. पण दोष आहेत हे दिसलं, म्हणून तेच काम करतात असं होत नाही.

एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी अणूंमधले इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा मोजण्याचं तंत्र) ऑक्सिजनच्या 531 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या शिखराकडे बोट दाखवून "ही पाहा व्हेकन्सी" म्हणण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. जिथे अणूच नाही तिथून इलेक्ट्रॉन बाहेर पडणार कसा? ते शिखर बहुतेक वेळा हायड्रॉक्सिल गटांचं आणि चिकटलेल्या पाण्याचं असतं. सिरियमचा वर्णपट पाहून +3 किती आहे ते सांगावं, तेच सरळ.

म्हणून त्या दिवशी आम्ही दोन्ही वायू वेगळे करायचं ठरवलं. काड्यांची पावडर क्वार्ट्झच्या नळीत भरली, 500 अंश सेल्सिअसला तिच्यावरून हायड्रोजन सोडला. रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर 18 चा, म्हणजे पाण्याचा, सिग्नल वर चढला. ऑक्सिजन पाणी होऊन बाहेर पडत होता. मग हायड्रोजनचा व्हॉल्व्ह बंद केला आणि 2 चा, म्हणजे हायड्रोजनचा, सिग्नल तळाला टेकेपर्यंत निष्क्रिय आर्गॉन चालू ठेवला. फर्नेसचं झाकण किंचित उचलून पाहिलं तर फिकट पिवळी पावडर निळसर करडी झाली होती. +3 सिरियम तयार झालं की सेरियाचा रंग असा काळवंडतो.

यानंतर नुसत्या कार्बन डायऑक्साइडचा एक छोटा पल्स (क्षणभराचा झोत) सोडला.

28 चा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच्या वस्तुमानाचा, सिग्नल उसळला. माझी विद्यार्थिनी आधी फ्लो कंट्रोलरकडे धावली. "मॅडम, हायड्रोजन बंदच आहे ना?" बंदच होता. पण 28 वर एकदम विश्वास टाकता येत नाही. कार्बन डायऑक्साइड स्वतःच आयन स्रोतात तुटून 28 देतो, त्याच्या स्वतःच्या 44 च्या सिग्नलच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा; आणि हवा गळत असेल तर नायट्रोजनही तिथेच येतो. म्हणून हवेच्या खुणा, नायट्रोजनच्या अणूचा 14 आणि ऑक्सिजनचा 32, पाहिल्या; दोन्ही सपाट. रिकाम्या नळीतून तसाच पल्स सोडून त्याचा 28 वजा केला. तरी मोठा हिस्सा उरला. नळीतून खरोखर कार्बन मोनॉक्साइड येत होता आणि त्याला लागणारे इलेक्ट्रॉन पावडरच पुरवत होती. कार्बन डायऑक्साइडमधला एक ऑक्सिजन त्या रिकाम्या जागेत अडकत होता, उरलेला रेणू सुटून जात होता.

पुढच्या प्रत्येक पल्सला कार्बन मोनॉक्साइड थोडा कमी येत गेला आणि शेवटी थांबला. झाकण उचललं, पावडर पुन्हा पिवळी. परत हायड्रोजन दिला, परत करडी झाली, आणि कार्बन डायऑक्साइडला परत तसाच प्रतिसाद. स्फटिकाच्या जाळीतला ऑक्सिजन द्यायचा आणि वायूकडून भरून घ्यायचा, ही कल्पना मार्स आणि व्हॅन क्रेव्हलेन या शास्त्रज्ञांनी 1954 मध्ये व्हॅनेडियम ऑक्साइडवरच्या ऑक्सिडीकरणासाठी मांडली. तीच आमच्या नळीत उलट्या बाजूने चालली होती. वर्षानुवर्षं शिकवलेली गोष्ट रंगातून अशी उलगडताना पाहिली आणि मी हरखून गेले.

संध्याकाळी घनांची नळी चढवली. त्यांचा कार्बन मोनॉक्साइड सुरुवातीच्या पल्सनंतरच आटला. क्षेत्रफळाने भागून पाहिलं तरी काड्या स्पष्ट पुढे होत्या. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आकडे स्वतः पुन्हा मांडून पाहिले आणि मान डोलावली. पण त्यांनी एक मुद्दा काढलाच: 500 अंशाला आतला ऑक्सिजनही वर सरकतो, मग मोजलेल्या सगळ्या जागा पृष्ठभागावरच्याच कशावरून? ते बरोबर होतं. हेच मोजमाप कमी तापमानाला करायचं ठरलं, आणि फर्नेस थंड होईपर्यंत आम्ही दोघं तापमानाच्या पायऱ्या कागदावर मांडत बसलो.