आतला पॅड

जॅकवर उचललेल्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड हातात घेतले आणि मी थबकलो. बाहेरच्या पॅडवर सात-आठ मिलिमीटर थर शिल्लक होता. आतला मात्र धातूपर्यंत झिजला होता.

कॅलिपरची, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या पकडीची, सरकणारी पिन ग्रीस वाळल्यामुळे अडकली होती, त्यामुळे पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबत असला तरी कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड तितक्याच जोराने ओढू शकत नव्हता. पिनेच्या रबरी आवरणाला नखाएवढी चीर होती. पाणी तिथूनच शिरले असावे.

दर महिन्याला चाकाच्या फटीतून मी बाहेरचाच पॅड पाहत होतो आणि निर्धास्त होत होतो. अडीच टनांची जुनी एसयूव्ही, तीही घरच्यांनी भरलेली, मी या खात्रीवर उतारावरून चालवली आहे.

उद्या मागची चाकेही काढणार आहे. तुमच्या गाडीचा आतला पॅड तुम्ही शेवटचा कधी पाहिला होता?