डॉक्टरांच्या फोटोत मागं राहिलेलं सोलापूर

सोलापूरचे जुने फोटो कुणालाही मागा, तेच चार मिळतात. सिद्धेश्वराचं तळं, भुईकोट किल्ला, इंद्रभवन आणि गड्ड्यातला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतला पाळणा. पण एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी कन्ना चौक कसा दिसायचा, साखर पेठेत दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत असायच्या, मिल सुटल्यावर सायकलींचा लोंढा कुठल्या बोळातनं आत शिरायचा, याचे फोटो शोधून दाखवा. रोज दिसतंय त्याचा फोटो कोण काढतंय, फिल्म काय फुकट येत होती का.

आमच्या डॉक्टरांनी काढले. नाव लिहू नको म्हणालेत म्हणून नुसतं डॉक्टरच लिहितो. पूर्व भागात आयुष्यभर दवाखाना चालवला त्यांनी. तेव्हा डॉक्टर व्हिजिटला घरी यायचे, हे आताच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण यायचे, स्कूटरवरनं, आणि बॅगेत स्टेथोस्कोप, बीपीचं मशीन, इंजेक्शनचा डबा आणि एका कप्प्यात कॅमेरा. पेशंट बघून झाला की बाहेर येऊन दारातनं गल्लीचा एक फोटो, आणि निघाले पुढच्या घरी. म्हाताऱ्या विचारायच्या, "काय काढू लालाव डॉक्टर, आमच्या बोळात काय हाय?" ते म्हणायचे, "मावशी, बोळच हाय की."

मला यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं ते फोटोंपेक्षा त्यांच्या नोंदींचं. दवाखान्यात उरलेले केसपेपर असायचे, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते प्रत्येक फोटोची नोंद करायचे. तारीख, वेळ, कुठं उभा होतो, तोंड कुठल्या दिशेला, डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय. एक कार्ड मी हातात घेऊन वाचलंय. त्यावर लिहिलंय "पश्चिमेकडे तोंड, डावीकडे पिठाची गिरणी, पुढचा लिंब तोडला, गटार उघडं, चार घरांत माग बंद". त्याच्याच पुढं त्या गल्लीत त्या महिन्यात जुलाबाचे पेशंट कुठल्या बाजूला जास्त आले तेही लिहिलंय, उघड्या गटाराच्या बाजूला. डॉक्टरचा डोळा असा असतो, फोटोग्राफर गल्लीत उजेड बघेल, यांनी आधी पाणी कुठनं वाहतंय ते बघितलं.

निगेटिव्ह बघायला त्यांच्याकडं वेगळं काही नव्हतं, भिंतीवर एक्स-रे बघायचा लाइटचा बॉक्स होता त्यावरच पट्ट्या लावायचे. एका बाजूला कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे आणि शेजारी अशोक चौकाकडच्या गल्लीची सहा फ्रेमची पट्टी, हे मी लहानपणी बघितलंय आणि तेव्हा मला दोन्ही सारखंच भीतीदायक वाटायचं.

तर पूर्व भाग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तेलंगणातनं आलेले पद्मशाली विणकर इथं वसले, घराच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार, आणि बायका दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या. डॉक्टरांच्या जुन्या फोटोत जवळपास प्रत्येक उंबऱ्यावर एक सूप दिसतं. नंतरच्या फोटोत ती कमी होत जातात. माग घरातनं निघून अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या शेडमध्ये गेले, आणि २००६ साली कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १० हजार घरं झाली तेव्हा कित्येक कुटुंबं तिकडं गेली. घर हक्काचं मिळालं हे चांगलंच झालं, त्यात वादच नाही. पण त्यांची मधली वर्षं, ती पुढची खोली, मागाचा खटखटाट भिंतीतनं शेजाऱ्याच्या घरात कसा जायचा, हे आता या फोटोंतच बघायला मिळतं. त्याच जागेवरनं पंधरा-वीस वर्षांनी काढलेल्या फोटोत खोलीला शटर लागलंय आणि मोबाइल रिचार्जचा बोर्ड.

त्याच जागेवरनं हे महत्त्वाचं आहे बरं का. एकटा फोटो आठवण देतो, दोन फोटो एकाच जागेवरनं असले की काय गेलं आणि काय आलं ते बोट ठेवून दाखवता येतं. यासाठी डॉक्टरांनी गड्ड्याचा फार हुशारीनं वापर केला. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, तारखा ठरलेल्या, मार्ग ठरलेला. म्हणजे दरवर्षी त्याच दिवशी ऊन त्याच कोनात, सावल्या तेवढ्याच लांब. बाळीवेशीतल्या एका ओळखीच्या गॅलरीतनं ते दरवर्षी एकाच फ्रेममध्ये मिरवणूक काढायचे. सगळ्यांचे डोळे नंदीध्वजावर आणि पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांवर, पण तुम्ही मागचं बघा. कौलारू वाडा, मग त्याच वाड्याला पत्रा, मग तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स, आधी विजेच्या चार तारा मग केबलवाल्यांचं जाळं. नंदीध्वज तेवढाच उंच आहे, शहर त्याच्या वर गेलं.

डॉक्टर आणि कॅमेरा ही जोडी आपल्याकडं जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते, त्यांचे भाऊ नारायण दाजी पण डॉक्टर आणि फोटोग्राफर. आग्र्याला त्याच काळात जॉन मरे नावाचे सर्जन ताजमहालाचे फोटो काढत होते. आमच्या डॉक्टरांच्या वाट्याला ताजमहाल आला नाही, साखर पेठेतलं गटार आलं, आणि माझ्या मते सोलापूरला त्याचीच जास्त गरज होती.

गिरण्यांचे फोटो मात्र त्यांच्याकडं कमी आहेत, याचं त्यांना अजून वाईट वाटतं. जुनी मिल १८७० च्या दशकातली, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल, भोंग्यावर सगळं गाव उठायचं जेवायचं झोपायचं, आणि एकेक करत सगळं बंद झालं. डॉक्टर म्हणतात, "मिल कुठं जातीय असं वाटायचं रे, म्हणून मी गल्ल्याच काढत बसलो."

आता त्यांचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आला की आम्ही बसून स्कॅनिंग करतो. रंगीत प्रिंट उडालेत, लालसर झालेत, ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह मात्र बटर पेपरच्या पाकिटात अजून ठणठणीत आहेत. चिकट प्लास्टिकच्या अल्बममध्ये लावलेले फोटो काढताना फाटतात, तेवढे सोडवत बसू नका, अल्बमच्या पानासकट स्कॅन करा. आणि फोटोमागं बॉलपेननं लिहू नका, पुढं वळ उठतो, मऊ पेन्सिलनं हलक्या हातानं लिहा.

तुमच्या घरात मिल सुटतानाचा, गेटवरच्या चहाच्या टपरीचा, चाळीतल्या लग्नाचा कसलाही फोटो असला आणि त्यात मागं थोडी जरी मिल दिसत असली तरी आम्हाला हवाय. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी दाखवा, साल आणि कुठल्या बाजूनं काढलाय ते विचारून घ्या, मग आणा. फोटो परत मिळेल, त्याच दिवशी.