लेसिकआधी करायचा हिशेब: कॉर्नियाची जाडी, नंबर आणि उरणारे मायक्रॉन

मायनस ६ नंबर आणि ५१० मायक्रॉन जाडीचा कॉर्निया. एवढ्या दोन आकड्यांवर लेसिकचा, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेचा, निम्मा निर्णय घरी कागदावर करता येतो. खर्च किती, दुखेल का, सुट्टी किती दिवस, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. मधोमध तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉनच्या थोडी पुढेमागे. लेसिकमध्ये ही काच मध्यभागी तासून सपाट करतात, म्हणजे लांबचं दृश्य डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नीट उमटतं. तासलेला भाग पुन्हा भरून येत नाही. म्हणून किती तासणार यापेक्षा मागे किती उरणार हे महत्त्वाचं.

हिशेब असा. ज्या गोलात लेसर फिरणार त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि ३ ने भागा. एका नंबरला साधारण तेवढे मायक्रॉन जातात. ६.५ मिलिमीटरच्या गोलाला एका नंबरमागे १४ मायक्रॉन, म्हणजे मायनस ६ ला साधारण ८५. काही यंत्रं याहून थोडं जास्तच काढतात. लेसिकमध्ये आधी कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात. त्याची जाडी ११० मायक्रॉन धरू. ५१० मधून ११० आणि ८५ वजा केले की खाली ३१५ उरतात. खाली किमान २५० उरायलाच हवेत असा जुना नियम आहे, पण बरेच सर्जन आता ३०० च्या खाली जात नाहीत आणि ते योग्यच आहे. दुसरी कसोटी टक्केवारीची. फ्लॅप आणि तासलेला भाग मिळून १९५, म्हणजे ५१० च्या ३८ टक्के. हा आकडा ४० च्या पुढे गेला की काच कमकुवत होण्याचा धोका वाढतो.

आता याच कॉर्नियावर मायनस ९ घ्या. तासायचे १२७, उरतात २७३, टक्केवारी ४६. इथे लेसिक नको. कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत कायमची लेन्स बसवतात, तिला आयसीएल म्हणतात. तिचा विचार करावा, अर्थात आत पुरेशी जागा असेल तरच.

दोन ठिकाणी हा हिशेब चुकतो. पहिलं, सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा जास्तीचा नंबर. मायनस ५ आणि सिलिंडर मायनस २ असेल, तर एका दिशेने तो नंबर ७ होतो आणि खोली ७ च्या हिशेबाने जाते. दुसरं, लेसरचा गोल लहान करून मायक्रॉन वाचवणं. ५.५ मिलिमीटरचा गोल घेतला तर एका नंबरला १० च मायक्रॉन लागतात आणि मायनस ९ कागदावर बसवता येतो. पण अंधारात बाहुली त्या गोलाहून मोठी झाली की कडेचा न तासलेला भागही नजरेत येतो. मग समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात, रात्री गाडी चालवणं त्रासाचं होतं. त्यामुळे गोल किती मिलिमीटरचा, हे विचाराच.

जाडी पुरेशी असली तरी आकार बिघडलेला असू शकतो. केराटोकोनस या आजारात कॉर्निया हळूहळू शंकूसारखा पुढे येतो. सुरुवातीच्या अवस्थेत चष्म्याने अगदी स्पष्ट दिसतं, कसली शंकाही येत नाही. तो पकडायला पेंटाकॅमसारख्या यंत्रावर कॉर्नियाच्या पुढच्याच नव्हे, मागच्या बाजूचाही नकाशा काढावा लागतो. अशा डोळ्यावर लेसिक झालं तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काच फुगत जाते, नंबर परततो आणि सोबत वेडावाकडा सिलिंडर घेऊन येतो. याला एक्टेशिया म्हणतात. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून काच कडक करणारं क्रॉसलिंकिंग केलं की फुगणं बहुतेकदा थांबतं, पण गेलेली जाडी येत नाही. आपल्याकडे लहानपणापासून अ‍ॅलर्जीमुळे डोळे चोळायची सवय असलेली मुलं पुष्कळ. चोळणं आणि केराटोकोनस यांचं नातं जवळचं आहे. घरात कुणाला केराटोकोनस असेल, तुम्ही डोळे चोळत असाल किंवा सिलिंडर दरवर्षी वाढत असेल, तर हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.

हे नकाशे खरे यावेत म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स आधी बंद ठेवाव्या लागतात. मऊ लेन्स एक ते दोन आठवडे, कडक लेन्स किमान तीन ते चार आठवडे, कारण लेन्सच्या दाबाने काचेचा आकार तात्पुरता बदलतो. सकाळपर्यंत लेन्स लावून दुपारी तपासणी केली तर तो नकाशा विश्वासाचा नाही. नंबरही किमान एक वर्ष स्थिर हवा, फरक अर्ध्या नंबराहून जास्त नको. अठरा पूर्ण झाले एवढं पुरेसं नाही. कॉलेजात नंबर वाढत असेल तर थांबावं. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, तेव्हाही थांबायचं. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून हे आठवडे कापू नयेत.

बाहुली मोठी करून मागच्या पडद्याची तपासणीही हवी. मोठ्या मायनस नंबरात डोळा लांब आणि पडदा ताणलेला असतो. लेसिकने चष्मा जातो, डोळ्याची लांबी तीच राहते. पडदा फाटण्याचा धोका जसाच्या तसा राहतो, म्हणून ही तपासणी पुढेही दरवर्षी करावी.

सगळ्यात जास्त तक्रार कोरडेपणाची असते. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात. अश्रूंची गरज आहे हा निरोप त्या नसाच देतात, आणि त्या सावरायला सहा महिने ते वर्षही लागतं. आधीच डोळे कोरडे असणाऱ्याला हे जड जातं. शिर्मर चाचणीत पाच मिनिटांत कागदाची पट्टी १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली, तर आधी कोरडेपणावर उपचार, मग लेसिक. दिवसभर एसीमध्ये स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी ही चाचणी मागून घ्यावी.

पद्धतींबद्दल जाहिरातींनी बराच गोंधळ केला आहे. स्माइल नावाच्या पद्धतीत फ्लॅप नसतो. लेसरने काचेच्या आतच एक भिंगाच्या आकाराचा तुकडा कापून तो २ ते ४ मिलिमीटरच्या चिरेतून काढतात. कोरडेपणा त्यामानाने कमी, फ्लॅप सरकायची भीती नाही. पण ‘पातळ कॉर्नियाला स्माइल उत्तम’ हे वाक्य तपासून घ्यावं, कारण तुकडा हाताळता यावा म्हणून त्यात थोडी जास्तीची जाडी धरावी लागते. पीआरकेमध्ये फ्लॅप नाही आणि आतली चीरही नाही. वरची सुमारे ५० मायक्रॉनची त्वचा काढून थेट लेसर, म्हणून मायक्रॉन सगळ्यात जास्त याच पद्धतीत वाचतात. किंमत मोजावी लागते ती वेदनेत: दोन-तीन दिवस डोळ्यांत चुरचुर आणि पाणी, चार-पाच दिवस पट्टीसारखी लेन्स, स्पष्ट दिसायला काही आठवडे. मोठ्या नंबरात धुरकटपणा येऊ नये म्हणून मायटोमायसिन हे औषध लावतात, आणि नंतर काही महिने उन्हात गॉगल सोडायचा नाही. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग खेळणाऱ्यांना फ्लॅप नकोच, कारण तो पूर्वीसारखा घट्ट कधीच चिकटत नाही आणि वर्षांनंतरच्या फटक्यानेही सरकू शकतो.

तासण्याचं काम १९३ नॅनोमीटरचा एक्झायमर लेसर करतो. हा लेसर जाळत नाही, रेणूंमधले बंध तोडतो. १९८१ मध्ये आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीत भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स विन व सॅम्युअल ब्लम यांनी टर्कीच्या उरलेल्या मांसावर हा लेसर मारून पाहिला. चिरेच्या कडा न करपता स्वच्छ निघाल्या, आणि पुढची सगळी वाट तिथून सुरू झाली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी अत्तर, डिओ, आफ्टरशेव्ह लावू नका. त्यांच्या वाफांनी लेसरवर परिणाम होतो. काजळ, मस्कारा दोन-तीन दिवस आधीपासून बंद. भूल फक्त थेंबांची. सक्शनची कडी बसते तेव्हा दाब जाणवतो आणि काही सेकंद अंधारून येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पावसाळ्यात करावं का, हे पुष्कळजण विचारतात. लेसरच्या खोलीतला दमटपणा नियंत्रित असतो, तेव्हा ऋतूची अडचण नाही. मात्र डोळे येण्याची साथ असेल आणि घरात कुणाचे आले असतील तर तारीख पुढे ढकला.

नंतर एक आठवडा डोळ्यांत नळाचं पाणी जाऊ देऊ नका, रात्री प्लास्टिकचं कवच लावून झोपा. पोहणं, रंगपंचमी, मिरवणुकीतला गुलाल महिनाभर नको. स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने लांबवू नका, काहींचा डोळ्याचा दाब त्याने वाढतो. दुसऱ्या दिवसापासून दृष्टी सुधारण्याऐवजी धुरकट होत गेली, दुखणं वाढलं किंवा उजेड सहन होईना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. फ्लॅपखालची सूज आणि जंतुसंसर्ग दोन्ही लवकर पकडले तर आटोक्यात येतात.

खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो, कारण विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार ७.५ पेक्षा कमी नंबरासाठीचा उपचार पॉलिसीतून वगळता येतो. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागतो तो लागतोच. मायनस २-३ वाले चष्मा काढून वाचू शकतात, लेसिकनंतर ती सोय जाते. चाळिशीच्या उंबरठ्यावर असाल तर हे नीट तोलून पाहा.

शस्त्रक्रियेआधीचा पेंटाकॅमचा रिपोर्ट, जुना नंबर आणि किती मायक्रॉन काढले त्याचा कागद मागून घ्या आणि जन्मदाखल्यासारखा जपा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. लेसिक झालेल्या डोळ्यात नेहमीचं सूत्र चुकतं, आणि जुने आकडे हाती असले तर डॉक्टरांना ती चूक सुधारता येते. काचबिंदूच्या तपासणीतही पातळ झालेल्या काचेवर दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, म्हणून तिथेही लेसिक झाल्याचं आधी सांगायचं.