स्पेलिंग चुकलेला ऑगस्टस

आमच्याकडे लिलावासाठी 'रोमन' म्हणून येणारी बरीचशी नाणी बनावट निघतात. परदेशच्या सहलीत कुणीतरी गळ्यात मारलेली, काठावर साच्याची शिवण असलेली, भिंगाखाली धरली की बुडबुड्यांच्या बारीक खळ्या दाखवणारी ओतीव नाणी. त्यामुळे सोलापूरकडच्या एका निवृत्त काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि "खोटंच आहे म्हणतात, पण तुम्ही एकदा बघा" म्हणाले, तेव्हा मी काही फार उत्साहाने वजनकाटा पुढे ओढला नाही.

नाणं चांदीचं, साडेतीन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं, उजवीकडे बघणारं डोकं. दुसऱ्या बाजूला दोन उभ्या आकृत्या, त्यांच्यामध्ये ढाली आणि भाले. प्रकार लगेच ओळखू आला. रोमन सम्राट ऑगस्टसचा दिनारियस (रोमन चांदीचं नाणं), मागे गायस आणि ल्युशियस असलेला. मूळ नाणी आजच्या फ्रान्समधल्या लिआँच्या टांकसाळीत इ.स.पू. 2 ते इ.स. 4 च्या सुमारास पाडली गेली. भारतात सापडलेल्या रोमन चांदीत हा आणि त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियसचा, हे दोनच प्रकार सर्वांत जास्त असतात.

घोडं अडलं ते अक्षरांपाशी. ऑगस्टसचं नाव आणि 'राष्ट्रपिता' ही त्याची पदवी जिथे लॅटिनमध्ये असायला हवी, तिथे नुसत्या उभ्या रेघा, गोल, ठिपके आणि उलटी-सुलटी अक्षरं. मागच्या बाजूला वरती पुरोहिताची पळी आणि वाकडी काठी असते; इथे पळीचा नुसता हूक झाला होता. एका विक्रेत्याने काकांना सांगितलं होतं, "स्पेलिंगच चुकलंय, चांदीच्या भावात देऊन टाका."

मी नाणं दहापट भिंगाखाली तिरकं धरलं. ठोक्यासरशी धातू मधून काठाकडे सरकल्याच्या बारीक रेषा स्पष्ट होत्या. म्हणजे ओतीव नाही, ठशाने पाडलेलं. मग डोक्यावरचा छिन्नीचा घाव दिसला. काकांना तो नाण्यातला दोष वाटत होता. मी मात्र तिथेच खुर्ची सरसावून बसलो. भारतात मिळालेल्या रोमन नाण्यांवर असे घाव बऱ्याचदा असतात. घावाच्या आत तांबं नव्हतं, चांदीच होती, म्हणजे वरून मुलामा दिलेला नाही. आणि आतली चांदी बाहेरच्याइतकीच काळवंडलेली, म्हणजे घावही जुना. काकांनी चिंच लावून नाणं घासलं असतं तर हा पुरावा गेला असता.

"काका, हे रोमन टांकसाळीत बनलेलं नाही," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. "पण खोटंही नाही. माझ्या मते ही त्याच काळाच्या आगेमागे इथेच, भारतात पाडलेली नक्कल आहे."

अशा नकला अभ्यासकांच्या ओळखीच्या आहेत. ठसा कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं, तेव्हा त्याने अक्षरं नक्षीसारखी उतरवली. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत, दागिन्यात ओवायला कडी असलेल्या. रोमचा माल आणि पैसा इथे किती मुरला होता, याची कल्पना त्यावरून येते. रोमन लेखक प्लिनीने तक्रारच केली आहे की भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खेचून नेतो. हे सगळं मी जरा जास्तच रंगात येऊन सांगत होतो, कारण काका आता खुलले होते.

"आणि ही दोन पोरं कोण?"

ऑगस्टसचे नातू, त्याच्या मुलीचे मुलगे. त्याने दोघांना दत्तक घेऊन वारस ठरवलं. ल्युशियस इ.स. 2 मध्ये गेला, गायस इ.स. 4 मध्ये. गादी मिळाली टायबेरियसला.

"अरेरे," काका म्हणाले, जणू गावातल्याच कुणाची बातमी कळली.

लिलावात घालायचं का, हा विषय मग निघाला. अस्सल दिनारियसला गिऱ्हाईक चटकन मिळतं. अशा नकलेला मोजकेच जाणते पैसे मोजतात. मी हे स्पष्ट सांगितलं. शिवाय असं नाणं कायद्याने देशाबाहेर विकता येत नाही. काकांनी थोडा विचार केला, पुडी खिशात घातली आणि वर्णनाचा कागद तेवढा टाइप करून मागितला, शिक्क्यासकट.

"विकायचं नाही ठरलं ना, मग कागद कशाला?"

"त्या विक्रेत्याला दाखवतो. चहा त्याच्याकडून."