बघणारे सहकारीच असतात: शिक्षकांना मूडल शिकवण्याचा माझा अनुभव

काही शाळांनी मिळून मूडलची (म्हणजे ऑनलाइन धडे आणि चाचण्या घेण्याच्या सॉफ्टवेअरची) एकच सामायिक साइट वापरायची ठरवली आणि शिक्षकांना ती शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी विज्ञान शिकवते. संगणकाची पदवी वगैरे काही नाही. शिक्षकाने सांगितलेलं शिक्षकांना पटतं असा एक समज आहे, त्यातून माझी निवड झाली असावी. तो समज अर्धाच खरा. प्रशिक्षणाला आलेला शिक्षक मागच्या बाकावर बसून वह्या तपासतो, आणि हे मी त्यांच्यातलीच एक म्हणून सांगते.

मूडलच का, या प्रश्नावर फार वेळ गेला नाही. 2002पासून ते वापरात आहे, मुक्त परवान्याखाली आहे आणि आपल्या सर्व्हरवर चालवता येतं. ते घडवणारे मार्टिन डूगियामस लहानपणी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात शॉर्टवेव्ह रेडिओवरून भरणाऱ्या शाळेत शिकले होते. हे मी सांगितलं तेव्हा काही माना वह्यांमधून वर आल्या आणि लगेच खाली गेल्या.

प्रशिक्षणाच्या आधीचं एक काम मात्र कोणी गृहीत धरू नये: खाती आधीच तयार हवीत. सभागृहात पासवर्ड वाटत बसलं की पहिलं सत्र त्यातच संपतं. नावांची यादी स्प्रेडशीटमधून सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) करून एकदम चढवता येते, पण ती फाइल यूटीएफ-8 या, देवनागरीलाही चालणाऱ्या, अक्षर-पद्धतीतच जतन करायची. नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते, आणि स्वतःचं नाव '?????' असं दिसलेला माणूस पुढचं काही मनापासून ऐकत नाही.

'हे डॅशबोर्ड, ही सेटिंग्ज' अशी सफर मी घडवली नाही. 'पुढच्या घटक चाचणीचा पेपर घेऊन या' एवढंच कळवलं होतं. पेपर तर सगळ्यांना काढायचाच असतो. मूडलमध्ये प्रश्न एकेक करून फॉर्ममध्ये भरता येतात, पण नवशिक्या माणसाचा त्यात जीव जातो. त्यापेक्षा एकेन (Aiken) नावाची साधी मजकूर-पद्धत बरी: एका ओळीत प्रश्न, खाली प्रत्येक पर्यायापुढे इंग्रजी मोठं अक्षर आणि पूर्णविराम, शेवटच्या ओळीत 'आन्सर' हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि अचूक पर्यायाचं अक्षर. चित्र चालत नाही, दोन बरोबर उत्तरं चालत नाहीत. पण नोटपॅडमध्ये टाइप केलेली अख्खी चाचणी एका फटक्यात प्रश्नपेढीत जाते. ती जाताना बघितली तेव्हा पहिल्यांदा वह्या मिटल्या.

अडलं ते फॉन्टपाशी. बऱ्याच जणांचे जुने पेपर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होते. त्या फॉन्टमध्ये आतला मजकूर रोमन अक्षरांचाच असतो, फक्त त्यावर देवनागरी आकार चढवलेले असतात. दुसरीकडे चिकटवला की सोंग उतरतं. कन्व्हर्टरने काम भागतं, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावी लागतात. ज्यांना हे नको होतं त्यांनी मोबाइलवर बोलून टाइप केलं, आणि खरं सांगायचं तर तेच आधी मोकळे झाले.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. प्रश्न मात्र कोणी सगळ्या शाळांच्या शिक्षकांना दिसणाऱ्या 'सामायिक' विभागात टाकेना. इंटरनेट नाही, वेळ नाही, पासवर्ड विसरला, अशी कारणं येत राहिली. मग मधल्या सुट्टीत गणिताचे एक ज्येष्ठ सर बाजूला येऊन म्हणाले, "मॅडम, माझा पेपर दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी उघडला आणि त्यात चूक निघाली तर?" सगळ्या सबबींचं मूळ तिथे होतं. वर्गाचं दार लावलं की आत काय चालतं ते शिक्षकाला आणि मुलांनाच ठाऊक. तपासणीला कोणी येणार असेल तर त्या दिवसाचा पाठ वेगळा असतो. आणि इथे आम्ही दार कायमचं उघडं टाकायला सांगत होतो, तेही बरोबरीच्या माणसांपुढे. अधिकाऱ्याला दाखवणं एक वेळ सोपं. सहकाऱ्याला सगळं कळतं.

म्हणून पुढच्या सत्राचा क्रम बदलला. आधी प्रत्येकाला स्वतःचा लपवलेला सराव-कोर्स दिला. त्यात शिक्षक म्हणून एकटं त्याचंच नाव. "अ‍ॅडमिनला दिसतो का?" हा प्रश्न आलाच. दिसतो, असं मी सरळ सांगितलं. तिथे गुळमुळीत बोलले असते तर पुढचं सगळं वाया गेलं असतं. मग सामायिक विभागात माझेच प्रश्न टाकले, त्यातले काही मुद्दाम मोघम ठेवून, आणि 'यातले सदोष प्रश्न शोधा' हे काम दिलं. दुसऱ्याचा पेपर तपासायचा म्हटल्यावर शिक्षकाच्या अंगात जे बळ येतं ते कुठल्याही प्रशिक्षणाने येत नाही. त्या दिवशी चहा गार झाला.

त्यानंतर क्विझचा सांख्यिकी अहवाल उघडला. कोणत्या प्रश्नाला मुलांनी सरासरी किती टक्के गुण मिळवले हे एका आकड्यात कळतं. दुसरा आकडा त्याहून बोलका: एकूण चाचणीत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांनी हा प्रश्न सोडवला का, हे तो सांगतो. तो उणे आला, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि बाकीची तरली, तर बहुधा उत्तरसूचीतच गोंधळ असतो किंवा प्रश्नाचे दोन अर्थ निघतात. अर्थात मुलं थोडी असतील तर या आकड्यांवर फार विसंबू नये. पण त्याने बोलण्याची भाषा बदलली. 'सरांचा प्रश्न चुकला' असं कोणी म्हणेना. 'हा प्रश्न उणे येतोय, पर्याय क बघा' असं म्हणू लागले. गणिताच्या सरांचा एक प्रश्न तसा उणे निघाला. त्यांनी तो तिथेच दुरुस्त केला आणि स्वतःहून सामायिक विभागात हलवला. मी काही बोलले नाही.

पूर्ण कोर्स देण्याची पद्धतही तेव्हाच ठरली. मूळ कोर्स शिक्षकाच्याच ताब्यात राहतो. त्याने होकार दिला की त्याची प्रत मी सामायिक विभागात ठेवते, आणि प्रत काढताना नोंदवलेल्या विद्यार्थ्यांची माहिती वगळण्याचा पर्याय न चुकता बघते. मुलांची नावं, उत्तरं, गुण दुसऱ्या शाळेत जायचं काही कारण नाही.

गाइडची पानं स्कॅन करून चढवण्याचा उत्साह थोपवावा लागला, हे वेगळं सांगायला नको. फाइल चढवताना लेखक आणि परवाना हे रकाने असतात. ते रिकामे सोडायचे नाहीत एवढा एकच नियम केला. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे आपलं साहित्य इतरांना वापरू देण्याचे तयार परवाने, त्यांच्या सहाही प्रकारांमध्ये मूळ कर्त्याचं नाव देणं बंधनकारक आहे, हे ऐकून एका बाईंनी विचारलं, "म्हणजे माझ्या टिपणांवरही माझं नाव राहणार?" तो विषय तिथे मिटला.

मोबाइलबद्दल आधीच सांगून ठेवलेलं बरं. अ‍ॅपवर मुलांना धडे डाउनलोड करून ऑफलाइन वाचता येतात, पण कोर्स घडवायला ब्राउझरच लागतो. आणि 'विद्यार्थी म्हणून बघा' ही सोय दिसण्यापुरती आहे. गुणपत्रकात गुण कसे पडतात ते तपासायचं तर चाचणीसाठी वेगळं विद्यार्थी-खातं काढावं.

आता प्रश्नपेढी भरते आहे, आणि नवीन दुखणं सुरू झालंय: प्रकाशसंश्लेषणावरचा तोच प्रश्न शब्द फिरवून अनेकांनी टाकलाय. प्रत्येक प्रश्नाला इयत्ता, विषय, प्रकरण या क्रमाने नाव द्यायचं असं ठरलं आहे. निम्म्याहून अधिक प्रश्न अजून 'प्रश्न 1', 'नवीन प्रश्न', 'नवीन प्रश्न फायनल' याच नावांनी पडून आहेत. पुढचं सत्र त्यांच्यासाठीच ठेवलंय, आणि ते गणिताचे सर घेणार आहेत.