पॅनल दोन दिवसांत, मीटर ७१ दिवसांनी: माझा अनुभव

आमचं सोलर सुरू होऊन आठ महिने झाले, तरी मीटरचा विषय निघाला की माझा आवाज अजून चढतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतोय. घरावर पॅनल बसवायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी मीटरचा भाग नीट वाचा. बाकीचं काम अवघड नाही.

५४० वॅटची सहा पॅनल आणि ३ किलोवॅटचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा आणि ग्रिडला, वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला. बॅटरी नाही. एक पॅनल साधारण अडीच चौरस मीटरचं असतं, त्यामुळे पंधरा-सोळा चौरस मीटर पॅनललाच गेले, शिवाय धुण्यासाठी भोवती फिरायला वाट ठेवावी लागली. स्ट्रक्चर, वायरिंग, अर्थिंग सगळं दोन दिवसांत उरकलं. बसवणाऱ्या पोरांनी काम मन लावून केलं, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर उभा राहून मी त्या काळ्याभोर पाट्यांकडे बघत होतो. उद्यापासून आपली वीज आपणच तयार करणार या विचाराने अगदी भरून आलं होतं.

ते उद्या उजाडायला ७१ दिवस लागले.

ऑन-ग्रिड सोलरला नेट मीटर लागतो. आपण ग्रिडमधून घेतलेली वीज आणि ग्रिडला दिलेली वीज तो वेगवेगळी मोजतो, आणि बिलात दोन्हींचा हिशेब होतो. तो बसून मंजुरी मिळेपर्यंत सोलर बंद ठेवायचं असतं. आम्हाला मात्र बसवणाऱ्यांच्या माणसाने सांगितलं, "चालू ठेवा हो, काही होत नाही." मी विश्वास ठेवला आणि तीन दिवस चालू ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात फ्रिज सोडला तर काहीच चालू नव्हतं. इन्व्हर्टरवर २.४ किलोवॅट दिसत होते, म्हणजे जवळजवळ सगळी वीज बाहेर जात होती. जाता जाता मीटरकडे नजर गेली. त्याचा लाल दिवा सेकंदाला दोनदा लुकलुकत होता. मीटरवर छापलं होतं, ३२०० पल्स, म्हणजे दिव्याचं तितक्यांदा लुकलुकणं, म्हणजे १ युनिट. तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला: तासाला सव्वादोन युनिटं. आम्ही जी वीज बाहेर देत होतो, तीच मीटर आमच्या नावावर वापर म्हणून चढवत होता! नंतर कळलं की असे बरेच एकमार्गी इलेक्ट्रॉनिक मीटर प्रवाह कुठल्याही दिशेने गेला तरी पुढेच मोजतात. कोणी तारा उलट्या जोडून रीडिंग मागे नेऊ नये म्हणून त्यांची रचनाच तशी असते. मी धावत वर जाऊन सोलरचा स्विच पाडला. त्या तीन दिवसांची युनिटं बिलात आली, ती मी भरली. तेव्हा कोणी काहीही सांगो, नेट मीटर बसल्याशिवाय सोलर चालू करू नका.

आता वीज कंपनीच्या कार्यालयात दिलेली नेट मीटरच्या अर्जाची फाईल. पहिल्यांदा परत आली ती नावावरून. वीजजोडणी वडिलांच्या नावावर होती, घर माझ्या. वडील जाऊन सहा वर्षं झाली. तेवढं एक नाव दर महिन्याला घरी येत राहावं असं मला वाटायचं, म्हणून मी ते बदललं नव्हतं. बिल वेळेवर भरत होतो तोवर कोणाची हरकत नव्हती. नाव बदलण्यात १९ दिवस गेले.

पुन्हा अर्ज दिला. या वेळी आक्षेप मंजूर भाराचा, म्हणजे जोडणीला मंजूर असलेल्या विजेच्या मर्यादेचा. आमचा मंजूर भार २ किलोवॅट आणि सोलर ३ किलोवॅटचं, म्हणून आधी भार वाढवून घ्या. आणखी १४ दिवस. माझा खरा राग इथला आहे. हा २ चा आकडा पहिल्या अर्जाच्या पहिल्याच पानावर होता. ज्यांनी नाव वाचलं त्यांना त्याच्या दोन ओळी खालचा आकडा दिसला नसेल? दोन्ही कामं एकाच वेळी सांगितली असती तर दोन आठवडे वाचले असते. तिसऱ्यांदा फाईल परत आली एका पॅनलच्या सिरियल नंबरसाठी. यादीत ८ च्या जागी ३ पडला होता. ही चूक बसवणाऱ्यांची, कार्यालयाची नाही. पण दुरुस्ती, नवी सही, पुन्हा आवक, यात ९ दिवस गेले. पॅनलच्या मागच्या बाजूला नंबराचा स्टिकर असतो. पॅनल वर चढवण्याआधी प्रत्येकाचा फोटो स्वतः काढून ठेवा. एकदा बसलं की खाली सरपटत जाऊन तो वाचावा लागतो. मी वाचलाय.

मग सुरू झालं "मीटर टेस्टिंगला आहे". हे वाक्य मी २७ दिवस ऐकलं. खिडकीवरच्या मॅडम सभ्य होत्या, पण त्यांच्याकडे एवढंच उत्तर होतं. बाहेर कडक ऊन पडलेलं असायचं. स्वच्छ दिवशी आमची पॅनल १२ युनिटं सहज देतात. म्हणून पॅनल बसल्यापासून मी रोज रात्री वहीत १२ लिहायचो आणि खाली बेरीज करायचो. शेवटी ती साडेआठशेच्या घरात गेली. सूर्याने दिलेली एवढी वीज एका कागदाच्या वाटेवर वाया गेली, हे मला अजून सहन होत नाही.

शेवटी एक दिवस मी अर्ज घेऊन गेलो: फाईलमध्ये जे जे कमी आहे ते एकाच वेळी, लेखी द्या. आत एक तरुण अभियंता होता. त्याने तो वाचला, फाईल मागवली, पानं उलटली आणि म्हणाला, "काका, मीटर टेस्ट होऊन मागच्या आठवड्यातच आलाय. इन्व्हर्टरचं अँटी-आयलंडिंगचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही, म्हणून पुढचा आदेश निघाला नाही." ते प्रमाणपत्र दहा मिनिटांत फोनवर मागवून मी तिथेच छापून दिलं. दोन दिवसांनी माणसं आली आणि चाळीस मिनिटांत मीटर बसला. त्या मुलाचे आभार मी त्याच दिवशी मानले, इथेही मानतो. लेखी मागण्याचं मला पहिल्याच फेरीत सुचायला हवं होतं. तुम्ही पहिल्याच फेरीत मागा.

हे अँटी-आयलंडिंग म्हणजे काय तेही सांगतो, कारण घरच्यांना आधी सांगावं लागतं. ग्रिडची वीज गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. तो चालूच राहिला तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या गच्चीवरची वीज झटका देऊ शकते. म्हणून बॅटरी नसेल तर भर उन्हातही वीज गेली की घरात वीज नाही. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा आईला वाटलं, एवढा त्रास काढून आणलेलं सोलर बिघडलं.

मीटर बदलतील त्या दिवशी जुन्याचं शेवटचं रीडिंग आणि नव्याची आयात-निर्यात दोन्ही रीडिंग फोटोत घ्या. पहिलं बिल त्याच्याशी ताडून पाहा.

कडक उन्हात आकडा कमी दिसला तर घाबरू नका. पॅनलवरचे ५४० वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. तापलेलं पॅनल ६० अंशांवर सहज जातं, आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. म्हणजे बारा टक्के तिथेच गेले. धुवायचं तर पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

आणि सावली, हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पॅनलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे चौकोन, एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यातल्या सावलीनेही पॅनलचा मोठा भाग सुस्तावतो. आम्ही जागा ठरवली तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि पाण्याच्या टाकीची सावली कठड्याजवळच संपत होती. हिवाळ्यात सूर्य खाली उतरला आणि तीच सावली दुपारी तीननंतर दोन पॅनलवर येऊन बसली. जागा ठरवताना वर्षातल्या सर्वात लहान दिवसाची सावली धरा. आमची टाकी आता दुसऱ्या कोपऱ्यात न्यायची आहे. प्लंबरशी बोलणं झालंय, दिवस लहान व्हायच्या आत ते काम उरकायचं आहे.